आहेरात आलेलं पहिलं वर्ष

मी शिकायला निघाले ती तेरवीच्या खुर्च्यांच्या गाडीतून.

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात माझ्या वडिलांचं, अब्बांचं, बिछायत केंद्र होतं. मांडवाचं कापड, बांबू, खुर्च्या, सतरंज्या, कढया, जनरेटर आणि भोंगा. चार माणसं जमायची वेळ आली की लागणारं सगळं सामान आमच्या अर्ध्या घरात रचलेलं असे आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही राहत असू. लग्नाच्या दिवसांत सामान बाहेर जाई आणि घर मोठं होई. पावसाळ्यात ते परत येई आणि आम्ही सरकून झोपत असू. जुलैत लग्नं नसतात. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, मात्र मुहूर्त बघावा लागत नाही, म्हणून पावसाळ्यात आमची चूल तिच्यावर चाले.

त्या सकाळी वडशाला एका तेरवीचं सामान पोचवायचं होतं आणि मला वडशाहून नागपूरची एसटी धरायची होती. अब्बांनी दोन्ही कामं एकाच मॅटाडोरमध्ये घातली. पुढे ड्रायव्हरशेजारी अब्बा आणि अब्बांच्या मांडीवर ॲम्प्लिफायर, कारण तो भिजून चालणार नव्हता. मी मागे, ताडपत्रीखाली, भिजून चालण्यासारख्या सामानात. अम्मी दारात उभी होती. आमच्या घरात हिंदी चाले आणि दुकानात आमच्या भागाची, झाडीपट्टीची मराठी; अम्मी कधी दुकानात बसली नाही, म्हणून तिचा उपदेश हिंदीत आला. "स्कॉलरशिप नहीं मिली तो सीधी घर आना. बीच में कहीं मत रुकना." जसं काही रस्त्यात उमरेडला कोणी माझी वाट पाहत होतं.

तेरवीचं घर बसस्टँडच्या मागेच होतं, त्यामुळे आधी खुर्च्या उतरल्या. माझं तोवर धरून ठेवलेलं रडू तिथे फुटलं. एक म्हातारी लगबगीनं आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नोको माय. लय हाल होऊन राह्यले होते बुढ्याचे. सुटला." मी मान हलवली. तिनं मला चहा पाजला. परक्या माणसाच्या मरणावर मला मिळालेलं ते सांत्वन, पण घर सोडताना मिळालेलं तेवढंच, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

एसटीच्या खिडकीशी अब्बा म्हणाले, "हे पाय नसीम, हे एक साल पाहू. शिष्यवृत्ती आली तं शीक. नाई आली तं परत ये. आपलं बोलणं तसंच झालं हाय." मग त्यांना तेरवीवाल्यांनी हाक मारली. भोंगा लागत नव्हता.

हे नव्वदच्या दशकातलं. तुम्हा झाडीपट्टीवाल्यांपैकी जे तिकडेच राहिले त्यांना सगळं ठाऊक आहे, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले ते आता पोरांना सांगताना थोडं वाढवून सांगतात. म्हणून एकदा, न वाढवता.

शिष्यवृत्ती होती कै. डोमाजींच्या नावाची. डोमाजी कुरखेड्याजवळच्या एका धानाच्या गावचे. तरुणपणी ते नागपूरच्या कॉलेजात गेले आणि दिवाळीपर्यंत टिकले. मग मेसवाल्यानं त्यांचं ताट बंद केलं आणि ते कोणाला न सांगता परत आले. गावात चर्चा अशी की डोमाजीला अभ्यास झेपला नाही. त्यांनी ती खोडली नाही. उपाशी राहिलो म्हणण्यापेक्षा ढ आहे म्हटलेलं बरं, असा तो काळ. पुढे बऱ्याच वर्षांनी ते चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रात हेल्पर म्हणून लागले, ऑपरेटर झाले आणि निवृत्तीच्या आधीच गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, हाती आलेलं बँकेत ठेवलं आणि ठरवलं की व्याजातून दर वर्षी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या एका गरीब मुलाला किंवा मुलीला मदत द्यायची. फक्त पहिल्याच वर्षाच्या. "दुसऱ्या सालाले लेकरू शहराले सवकते भाऊ," त्या अब्बांना म्हणाल्या होत्या. "पयल्या सालालेच मरण हाय."

सुमनबाईंना वाटलं होतं, पाकीट द्यायचं आणि घरी जायचं. पण त्यांचे दूरचे दीर तुळशीरामभाऊ यांनी त्यांना समजावलं की स्मृती म्हटली की समिती लागते. तुळशीरामभाऊंची राइस मिल होती आणि तालुक्यातल्या बहुतेक संस्थांचं अध्यक्षपद होतं. त्यातली एक संस्था कशासाठी काढली हे आता कोणालाच आठवत नव्हतं, पण तिची वार्षिक सभा होत असे. भाऊ दुष्ट नव्हते. त्यांना फक्त असं वाटे की जी गोष्ट मांडवाखाली झाली नाही ती झालीच नाही. त्यांच्यासारख्यांवरच आमचं घर चालत असल्यानं आम्हीही या विचाराच्या विरुद्ध नव्हतो.

निवडीचा त्रास झाला नाही. त्या वर्षी अर्ज करणारी मी एकटीच होते. सरकारी सवलतींच्या कुठल्याच रकान्यात आम्ही बसत नव्हतो, आणि बारावी सायन्स पास झालेली बिछायतवाल्याची मुलगी हा प्रकार तालुक्यात नवा होता. समितीनं एकमतानं मला 'गरजू व होतकरू' ठरवलं आणि ठराव केला की शिष्यवृत्ती प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, समारंभपूर्वक देण्यात यावी. माझी फी, हॉस्टेल आणि मेस या सगळ्याचं घोडं त्या एका 'हस्ते'वर अडलं.

पहिला समारंभ ऑगस्टमध्ये ठरला. मी नागपूरहून आले, सुमनबाई ऊर्जानगरहून वीज केंद्राची बस आणि दोन एसट्या बदलून आल्या. त्यांच्या पर्समध्ये माझ्या कॉलेजच्या नावाचा ड्राफ्ट होता. डोमाजींचा मोठा फोटो चंद्रपूरच्या स्टुडिओतून करून आणला होता. स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं त्यांना कोट आणि लाल टाय रंगवला होता. सुमनबाई बराच वेळ फोटोकडे पाहत राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "कोन होय वं हा?" पाहुण्यांच्या वाटेवरच्या नदीला पूर आला आणि पाहुणे पलीकडेच राहिले. आम्ही फोटोला हार घातला, चिवडा खाल्ला आणि पांगलो.

दुसरा दिवाळीनंतर. निमंत्रणपत्रिका दोनदा छापल्या, कारण पहिल्या पत्रिकेत एका माजी सभापतींचं नाव एका विद्यमान उपसभापतींच्या खाली गेलं होतं. दुसऱ्या पत्रिकेत नावं इतकी वाढली की डोमाजींचा फोटो टपाल तिकिटाएवढा झाला आणि मी 'व इतर' या शब्दांत सामावले. तेवढ्यात आचारसंहिता लागली.

तिसरा जानेवारीत, आणि या वेळी पाहुणे खरोखर आले. वाटेत एका बोअरवेलचं उद्घाटन केलं, तुळशीरामभाऊंच्या घरी जेवले आणि हात धुताधुता त्यांना गडचिरोलीहून तातडीचं बोलावणं आलं. मांडवापाशी त्यांची गाडी जरा हळू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अब्बांनी तिन्ही वेळा मांडव घातला आणि काढला, फुकट, कारण सत्कार घरच्याच पोरीचा होता. ते चिडले नाहीत. त्यांच्या धंद्यात ही गोष्ट नवी नव्हती. "पाव्हणा येवो का न येवो, खुर्ची मांडाच लागते," एवढंच ते म्हणाले. मला मात्र त्या पहिल्या रांगेत बसून बसून एक गोष्ट दिसू लागली होती. देणारी हजर होती, घेणारी हजर होती, द्यायची वस्तू दोघींच्या मध्ये पर्समध्ये होती. अडत होतं ते तिसऱ्याच्या हातांवाचून.

जानेवारीत, पाहुण्यांची धूळ खाली बसल्यावर, मी सुमनबाईंना म्हटलंच. "बाई, देऊन टाका ना. इथी कोनी पाहूनच नाई राह्यलं."

त्यांनी पर्स घट्ट धरली. "मलेबी तसंच वाटते माय. पण हे कॉलेज सोडून आले थ्या टायमाले कोनाले सांगलं नाई, चोरावानी आले. आता त्यायच्या नावाचं देनं चोरावानी नोको. चार मानसांत पुकारून झालं पायजे."

मला फीची घाई होती आणि त्यांना नावाची. दोन्ही खरंच होतं.

नागपुरात माझं तोवर बरं चाललं होतं. म्हणजे अभ्यास बरा होता. हॉस्टेलच्या मुली माझ्या 'इथी-कुठी'ला हसत आणि मग नकळत स्वतःही तसंच बोलू लागत. मला पहिल्यांदा माझी अशी कॉट मिळाली होती, जिच्यावर कोणाच्या कढया येणार नव्हत्या. तिच्यावर आडवं पडून मी लायब्ररीतली दिसेल ती पुस्तकं वाचत असे. पण मेसच्या बाई ताट वाढताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघू लागल्या होत्या आणि ती नजर काय असते हे डोमाजींमुळे मला आधीच ठाऊक होतं. रेक्टरबाईंनी एकदा विचारलं, "तुझी ती शिष्यवृत्ती बैलगाडीनं येते आहे का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, लाल दिव्याच्या गाडीनं. म्हणूनच उशीर होतोय."

मार्चमध्ये कॉलेजात सूचना लागली: सोमवारपर्यंत थकबाकी भरा, नाही तर हॉलतिकीट नाही. हॉलतिकीट नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष नाही, आणि अब्बांशी झालेलं बोलणं तर वर्षाचंच होतं. मी एसटीडी बूथवरून तुळशीरामभाऊंच्या मिलमध्ये फोन लावला आणि अब्बांना बोलावून घेतलं. मागे भाताच्या मशीनची घरघर होती, त्यामुळे अब्बा ओरडून बोलले. "शनवारी ये! भाऊच्या पोट्टीचं लगन हाय! पाव्हणे येऊन राह्यले! भाऊ म्हणतेत, थ्यातच तुलेबी उरकून टाकू!"

बूथवाल्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि सुटे पैसे मोजून दिले.

तुळशीरामभाऊंचा हिशेब चोख होता. शिष्यवृत्तीला न येणारे पाहुणे लग्नाला येतात, हा अनुभव आहे. मांडव घातलेला, माईक लावलेला, माणसं जमलेली. अब्बांनी स्टेजच्या मागच्या पडद्यावर वर हंसांची जोडी आणि 'शुभविवाह' लावलं आणि त्याखाली त्याच बांबूला 'कै. डोमाजी स्मृती शिष्यवृत्ती वितरण' बांधलं. नवरदेवाकडची मंडळी ब्रह्मपुरीची. ती दोन्ही ओळी वाचत आणि एकमेकांकडे बघत. टायवाला फोटो टेबलावर मांडला आणि हार घातला, तेव्हा नवरदेवाची मोठी आत्या उठलीच.

"अवं माय! लग्नाच्या मांडवात हार घातलेला फोटो? कोन मेलं बापा?"

तिला डोमाजींबद्दल सांगितलं. तिनं हार काढायला लावला. हार काढल्यावर डोमाजी एकदम जिवंत आणि श्रीमंत दिसू लागले, आणि अक्षता पडल्यावर नवरा-नवरी थोरांच्या पाया पडत निघाले तेव्हा दोघांनी त्यांनाही वाकून नमस्कार केला. नवरदेवाला वाटलं नवरीकडचे आजोबा; टायमुळे नवरीनंही ओळखलं नाही, तिला वाटलं नवरदेवाकडचे. आशीर्वाद वाया जात नाही.

स्टेजवर नवरा-नवरीच्या बाजूला लाल मखमलीची तिसरी खुर्ची होती, प्रमुख पाहुण्यांची. ती रिकामीच होती. मुहूर्त त्यांच्यासाठी खोळंबला आणि मग भटजींनीच नाद सोडला. जेवणं झाली, वांग्याची भाजी आणि भात, वर बुंदी. दुपार कलली. एक माणूस मोटरसायकलवर आला आणि तुळशीरामभाऊंच्या कानाशी लागला. पाहुणे दुसऱ्या एका लग्नात अडकले होते.

मी भाऊंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, सोमवार शेवटचा दिवस हाय."

भाऊंचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांना तोडगा सुचला. "असं कर ना पोरी, यंदा परीक्षा देऊच नोको. एक साल पयल्याच सालात थांबून जाय. म्हणजे पुढच्या बारीले तूच राह्यशीन. पाव्हण्याची तारीख आताच घेऊन ठेवतो. पाय मंग कसा कार्यक्रम करतो तं!"

समारंभासाठी विद्यार्थिनी नापास ठेवायची, हा विचार त्यांनी इतक्या मायेनं मांडला की क्षणभर मलाही तो पटला. माझ्या शेजारी सुमनबाई उभ्या होत्या. त्या स्टेजकडे बघत होत्या.

तिकडे आहेर सुरू झाला होता. आमच्याकडची पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आहेर देणारा रांगेतून येतो, आपलं नाव आणि गाव सांगतो, माईकवाला ते भोंग्यावरून पुकारतो, बँडवाला एक तुकडा वाजवतो आणि मग भांडं किंवा पाकीट नवरा-नवरीच्या हातात पडतं. गल्लीतल्या शेवटच्या घरात निजलेल्या म्हातारीलाही कळतं की कोणी काय दिलं. माईकवर अब्बांच्या दुकानातला गोविंदा होता. त्याचा आवाज असा की बँडची गरज नव्हती.

सुमनबाईंनी माझा हात धरला. "चाल वं. रांगेत लागू."

"मी कायले बाई?"

"चाल म्हटलं ना."

आमच्या पुढे बरीच मंडळी होती आणि सुमनबाईंनी एकालाही मागे सारलं नाही. स्टेजवर पोचल्यावर त्यांनी आधी नवरा-नवरीला त्यांचं पातेलं दिलं, कुंकू लावलं. मग मला खांद्याला धरून त्या तिसऱ्या लाल खुर्चीवर बसवलं आणि पर्समधून लिफाफा काढला, आत तारीख बदलून आणलेला ड्राफ्ट. गोविंदाला काय सांगायचं ते त्यांनी त्याच्या कानात सांगितलं. गोविंदानं एकदा माझ्याकडे, एकदा लिफाफ्याकडे पाहिलं, आणि ओरडला:

"ऊर्जानगरवाल्या सुमनबाई यायच्याकडून! त्यायचे मालक कैलासवासी डोमाजी यायच्या नावानं! आपल्या बिछायतवाल्या युसूफभाऊची पोरगी नसीम, इले! कॉलेजच्या पयल्या सालासाठी! आहेर!"

बँडवाल्यांनी सवयीनं तुकडा वाजवला.

तुळशीरामभाऊ धोतर सावरत स्टेजवर आले. "अवं वयनी! हा आहेर नोहे, हे वितरण होय! पाव्हण्याच्या हातानं होते हे!"

सुमनबाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांना मी इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, पण गोविंदानं माईक तसाच धरून ठेवला होता. "झालं ना भाऊ पुकारून. पुकारलेला आहेर वापस घेतेत का आपल्याकडं? तुमीच सांगा."

सगळा मांडव भाऊंकडे बघू लागला. भाऊंच्या मागे त्यांच्या मुलीला आलेली ताटं, हंडे, एक पंखा आणि एक शिलाई मशीन रचलेलं होतं, सगळं याच माईकवरून पुकारलेलं. पुकारलेला एक आहेर परत होऊ शकतो असं म्हटलं असतं तर बाकीच्यांनाही विचार करायला जागा झाली असती. विशेषतः पंखावाल्याला, जो अजून जेवत होता. भाऊंनी डोमाजींच्या फोटोकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे, आणि हात जोडून म्हणाले, "नाई घेत."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रांग तशीच उभी होती, आणि रांगेतल्या मागच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते असं: स्टेजवर तीन माणसं बसली आहेत आणि तिघांनाही आहेर होतो आहे. पुढचा गृहस्थ नवरा-नवरीला ताट देऊन झाल्यावर माझ्यासमोर अडखळला आणि त्यानं खिशातून पेन काढून मला दिलं. त्याच्या मागच्या बाईनं वाट्यांच्या जोडीतली एक नवरीला आणि एक मला दिली. कोणी गिलास दिला, कोणी डबा, कोणी ब्लाऊजपीस. गोविंदा प्रत्येक वस्तू पुकारत होता. तो पगारी माणूस होता, त्याला थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. नवरदेवाची ती मोठी आत्या कुंकवाचं बोट घेऊन माझ्या कपाळापर्यंत आली आणि थांबली. "तुमच्यात चालते का वं?"

मी म्हटलं, "तांदूळ चालतेत."

तिनं ओंजळभर अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या आणि एक झाकणाची बरणी माझ्या मांडीवर ठेवली.

बायकांच्या बाजूला बसलेली अम्मी, जी माझ्या निघण्याच्या दिवशी रडली नव्हती, ती आता पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. नंतर म्हणाली, "शादी में भी इतना नहीं आता." अब्बा जनरेटरपाशी होते. डिझेलचे हात पुसत ते मांडवाच्या कडेला आले आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत भांड्यांच्या ढिगामागे बसलेली आपली मुलगी त्यांनी बराच वेळ पाहिली. मला वाटलं काही तरी मोठं बोलतील. त्यांनी खुणेनं मला पुढे वाकायला लावलं आणि म्हणाले, "रेलून नोको बसू. थे खुर्ची मांगून डुगडुगते."

रविवारी मी पोतंभर भांडी घेऊन नागपूरला पोचले. सोमवारी ड्राफ्ट भरला, हॉलतिकीट घेतलं. रेक्टरबाईंनी पोत्यात डोकावून पाहिलं आणि गंभीर झाल्या. "लग्न झालं का गं तुझं?"

"नाही मॅडम," मी म्हटलं, "शिष्यवृत्ती मिळाली."

मी पास झाले. दुसऱ्या वर्षी, सुमनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, शहराला सवकले, रुळले. शिकवण्या मिळाल्या, अब्बांनीही बोलण्याची मुदत वाढवली. पुढे पुण्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि तिथेच राहिले. आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, पार्किंगचे नियम आहेत आणि सेक्रेटरी आहेत. त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, तुळशीरामभाऊच, फक्त इस्त्रीचे. इथले समारंभ दिलेल्या वेळेला सुरू होतात आणि दिलेल्या वेळेला संपतात. मला अजून त्यांच्यावर विश्वास बसत नाही. पहिल्यांदा मी एका कार्यक्रमाला आमच्या हिशेबानं वेळेवर गेले, तर माणूस सतरंजी गुंडाळत होता. मला त्या सतरंजीवाल्याशी बोलावंसं वाटलं. बाकी तिथे ओळखीचं कोणी नव्हतं.

डोमाजींची शिष्यवृत्ती त्या वर्षापासून लग्नातच देतात. कोणी ठराव केला नाही, पण पद्धत पडली. आता तुळशीरामभाऊ सांगतात की ही कल्पना त्यांचीच, आणि ते काही अगदी खोटं नाही. लग्नसराई निकालाच्या आधी येते, म्हणून आहेर बारावीचा निकाल लागायच्या आधीच होतो, पोरगं पास होईल असं धरून. एकदा एक जण नापास झाला. भोंग्यावरून पुकारलं होतं, परत तर घेता येईना. पोराला गावातून चालणं मुश्कील झालं, पानठेल्यावर लोक विचारत, "काऊन गा, आहेर पचला का?" ऑक्टोबरच्या परीक्षेला तो असा बसला की मराठीत सुद्धा पास झाला. आज तो आलापल्लीला वनखात्यात आहे. असा धाक कुठल्या प्रमुख पाहुण्याच्या भाषणानं बसला असता, असं मला वाटत नाही.

माझ्यावर मात्र त्या दुपारचा एक परिणाम झाला, ज्याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. आहेर घेतला की त्या घरच्या लग्नाला जावं लागतं. पेनवाल्याच्या मुलाचं लग्न, वाटीवाल्या बाईंच्या दोन नातींची लग्नं, बरणीवाल्या आत्याच्या पुतणीचं. दर उन्हाळ्यात मी रजेचा अर्ज टाकते आणि बॉस विचारतात, "क्लोज रिलेटिव्ह?" त्यांना काय सांगणार? मी 'येस सर' म्हणते. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. पुण्यात माझे शेजारी भले आहेत, दारातून हसतात, पण त्यांच्या घरच्या लग्नाला मी गेले नाही तर त्यांना कळणारही नाही. वडशाच्या पलीकडे मात्र काही घरं अशी आहेत की मी नसले तर गोविंदा भोंग्यावरून विचारेल.

आता पुकारायला गोविंदा नाही. त्याचा गळा गेला आणि त्यानं पानठेला टाकला. गेल्या उन्हाळ्यात कुरखेड्याजवळच्या एका लग्नात गेले तर माईकवर नवाच माणूस होता, चकचकीत शर्टातला. सुमनबाई पुढे खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांमुळे त्यांना आता रांगेत उभं राहवत नाही. लिफाफा त्यांनी माझ्याकडे दिला. "जाय. ह्यायचं नाव नीट पुकाराले सांग." त्या वर्षीची मुलगी जंगलाकडच्या एका पाड्यातली, गोंडीत पुटपुटणाऱ्या आजीला बिलगून स्टेजवर बसली होती. अंगठ्यानं खुर्चीची कड खरवडत होती. तिला अजून माहीत नव्हतं की पुढे किती लग्नांना जावं लागणार आहे.

मी माईकवाल्याला सुमनबाईंचं नाव सांगितलं, डोमाजींचं सांगितलं, मुलीचं सांगितलं.

"अन् देनाऱ्या तुमी का ताई? हातानं तं तुमच्याच होऊन राह्यलं. तुमचं नाव?"

मी नाव सांगितलं.

"गाव?"

इतकी वर्षं प्रत्येक कागदावर एकच पत्ता लिहीत आले आहे, तोच तोंडात आला. "पुणे," मी म्हटलं.

त्यानं माईक खाली घेतला आणि मला आपादमस्तक पाहिलं. "युसूफभाऊ बिछायतवाल्याच्या ना तुमी? मंग पुणे कुठून आलं मधात?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता भोंग्यावरून पुकारलं: "गाव कुरखेडा! मुक्काम पुणे!"

बँड वाजला. पुण्यात माझं घर आहे, दारावर पितळेची पाटी आहे, आणि त्या माणसानं एका दमात त्याचा मुक्काम करून टाकला, जसा एसटीचा ड्रायव्हर रात्रीपुरता कुठे करतो. मला त्याला काही सांगायचं होतं. पण मागे रांग होती, आणि कोणी तरी बाई परात घेऊन माझ्या पाठीला टेकली होती. "सरक ना वं पुढं," ती म्हणाली. मी लिफाफा मुलीच्या हातात दिला आणि पुढे सरकले.